प्रेमानंदरावांच्या नावावरची लांब रोटी

नागपुरात हुडकेश्वरच्या मैदानावर तीन दिवसांचा खाद्य महोत्सव भरणार होता आणि त्यात रोशनीबाईंच्या बचत गटाला स्टॉल मिळाला, ही आनंदाची बातमी सोमवारी दुपारी आली. संध्याकाळी तिच्या मागोमाग दोन पानांची यादी आली. यादीत अन्नविक्रीची नोंदणी होती, अन्नाला हात लावणाऱ्या माणसाचं वैद्यकीय प्रमाणपत्र होतं, विमा होता, आग विझवायचं सिलिंडर होतं, टोप्या, हातमोजे, पाण्याचा अहवाल होता. शेवटी जाड अक्षरांत लिहिलं होतं की शुक्रवारी दुपारी चारला तपासणी होईल आणि एक कागद जरी कमी असला तरी स्टॉल उघडणार नाही.

रोशनीबाईंनी ती पानं वाचली आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या. त्यांचे यजमान प्रेमानंदराव मेश्राम मात्र ताडकन उभे राहिले.

"कागदांचं माझ्यावर सोड," ते म्हणाले.

प्रेमानंदराव मागच्या वर्षी सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या अर्जांतल्या चुका काढल्या होत्या आणि गेलं वर्षभर चूक काढायला घरात बायकोशिवाय कोणी उरलं नव्हतं, तेही त्यांना जपूनच करावं लागे. अशा माणसापुढे दोन पानी यादी येणं म्हणजे उपाशी माणसापुढे ताट येणं. त्यांनी त्याच रात्री नवी फाईल आणली, तिला दोरी ओवली आणि वर सुवाच्य अक्षरांत लिहिलं, 'लांब रोटी: कागदपत्रे'.

लांब रोटी करणार होत्या त्यांच्या आई, बायजाबाई. ज्यांनी ही रोटी पाहिली नाही त्यांना सांगायला हवं की हिला पोळपाट नाही, लाटणं नाही, तवा नाही. कणीक सैल मळायची, परातीत आपटून आपटून तिला तार आणायची, मग गोळा तळहातावर घेऊन दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत उतरवायची आणि धोतराच्या कापडासारखी पातळ झाली की चुलीवर उलट्या ठेवलेल्या मातीच्या माठावर अलगद टाकायची. बायजाबाईंनी नागपुरातल्या निम्म्या वस्त्यांच्या लग्नांत अशा रोट्या टाकल्या होत्या. हुडकेश्वरला घर बांधलं तेव्हा प्रेमानंदराव म्हणाले, माय, आता आपल्याला काय गरज? पंचाहत्तरीच्या पुढच्या बायजाबाई तेव्हापासून गॅलरीत बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजत होत्या.

त्या सोमवारी त्यांनी मोजणी बंद केली. दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून त्या सुनेला घेऊन कुंभारपुऱ्यात गेल्या, सतरा माठ वाजवून पाहिले आणि अठरावा घेतला. गहू कळमन्याच्या बाजारातूनच आणा, दुकानातलं पीट मले चालत नाही, असं त्यांनी बजावलं. घरी येता येता गल्लीतल्या चार दारांवर थांबून त्यांनी शुक्रवारी मैदानावर या म्हणून आमंत्रणंही दिली. रोशनीबाई नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "अहो, काहीही करा, पण यांचं हे होऊ द्या. किती वर्षांनी असं चेहऱ्यावर तेज दिसून राहिलं."

प्रेमानंदरावांनी फाईल काखेत मारली आणि आईला घेऊन डॉक्टरकडे निघाले.

दवाखान्यात आधी कंपाउंडरने बायजाबाईंचं रक्त घेतलं, टायफॉइडची सुई टोचली. तोवर प्रेमानंदराव फॉर्म भरत होते. नाव, वय, पत्ता. पुढचा रकाना होता 'व्यवसाय' आणि त्यात त्यांच्या पेनाने आपोआप लिहिलं, 'गृहिणी'. ते नोकरीला लागल्यापासून आईच्या नावापुढे हेच लिहीत आले होते. कचेरीत विचारायचे, आई काय करते? तेव्हा कोणी माठ, चूल, लग्नघराची मागची बाजू असं सगळं सांगत बसतं का? गृहिणी म्हटलं की पुढचे प्रश्न थांबायचे.

इथे ते सुरू झाले. तरुण डॉक्टरांनी बायजाबाईंना हात पुढे करायला सांगितले आणि मनगटापासून कोपरापर्यंतचे काळपट पट्टे बघून भुवया वर केल्या.

"काका, तुम्ही गृहिणी लिहिलंय. मग हे एवढं काय? फॉर्ममध्ये त्वचेचे विकार नाहीत असं मला लिहून द्यायचंय."

बायजाबाईंनी तोंड उघडलं होतं. पण प्रेमानंदराव आधी बोलले.

"वय झालं आता तिचं. स्वयंपाकघरात लागतं कुठं कुठं."

"दोन्ही हातांना? सारखं?" डॉक्टरांनी मान हलवली. "मी नाही सही करू शकत. त्वचारोगवाल्यांचं पत्र आणा."

बायजाबाईंनी पदर ओढून हात झाकले. प्रेमानंदरावांनी ते पाहिलं आणि ते खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

त्वचारोगवाल्या डॉक्टरांची वेळ मिळत होती पुढच्या मंगळवारी. महोत्सव शुक्रवारी सुरू होऊन रविवारी संपणार होता. कोणी साधा माणूस असता तर इथे खचला असता, पण प्रेमानंदरावांना चौतीस वर्षांच्या नोकरीने एक शिकवलं होतं. कागद पूर्ण असावा लागतो, मग त्यावर कोण आहे ते कोणी बघत नाही. त्यांनी आईला बाहेर बाकावर बसवलं, परत आत गेले, दार लोटलं आणि स्वतःचे दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"डॉक्टरसाहेब, माझं काढा."

त्यांचे हात फायली उचलण्यापलीकडे कशाला गेले नव्हते. गुळगुळीत, नखं कापलेली. त्यांचंही रक्त घेतलं, त्यांनाही सुई टोचली आणि संध्याकाळपर्यंत प्रमाणपत्र मिळालं: अन्न हाताळण्यास पूर्णतः योग्य. मग नोंदणीतही स्वयंपाकी म्हणून त्यांचंच नाव गेलं, कारण दोन कागदांवर दोन नावं असणं त्यांना सहन झालं नसतं. आईचे रक्ताचे अहवाल त्यांनी फाईलच्या तळाशी लावून ठेवले, कागद टाकून द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"झालं का गा माहं?" बायजाबाईंनी घरी विचारलं.

"झालं, माय."

हे अगदीच खोटं नव्हतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. काम झालं होतं. फक्त तिचं झालं नव्हतं. त्या रात्री मात्र त्यांना झोप लागली नाही.

बुधवारी विमा. एजंट अंकुश लॅपटॉप घेऊन घरी आला आणि पहिल्याच रकान्यात अडकला.

"काका, स्वयंपाकाचं साधन. गॅस, इंडक्शन, तंदूर. यातलं काय?"

"माठ."

"माठ पाण्याचा असते ना?"

"हा उलटा असतो."

अंकुशने मोठ्या ऑफिसला फोन लावला. तिकडच्या माणसाने विचारलं, माठाचा स्फोट होतो का. प्रेमानंदराव म्हणाले, माठ फुटतो, त्याचा स्फोट होत नाही. तिकडच्या माणसाने पुन्हा विचारलं, मग फुटलेल्या माठाची धग लागून ग्राहकाला इजा झाली तर ती आग समजायची की अपघात? तेवढ्यात शेजारचे भैयाजी आले. भैयाजींना बोलवावं लागत नाही. कोणाच्या घरी फॉर्म भरणं चालू असलं की त्यांना आपल्या घरात बसवत नाही.

"तंदूर लिहा ना मेश्रामजी! तंदूर म्हनजे काय? मातीचाच माठ. त्याची रोटी आतून, तुमची बाहेरून. टेन्शन काहून घेऊन राहिले?"

अंकुशला हे पटलं. प्रेमानंदरावांना पटलं नव्हतं, पण शुक्रवार जवळ येत होता. पॉलिसी निघाली. तिच्यावर छापलं होतं, 'तंदूर (उलटा)'. प्रेमानंदरावांनी तो कागद दोनदा वाचला आणि डोळे मिटून फाईलला लावला.

गुरुवारी सिलिंडर आलं. लाल, चकचकीत, दुकानदाराच्या चिठ्ठीसह. ते कसं वापरायचं हे तपासणीत विचारतात म्हणे, म्हणून भैयाजी पुन्हा आले. त्यांच्या साळ्याचं रंगाचं गोडाऊन होतं, तिथे त्यांनी असली चाळीस सिलिंडरं पाहिली होती.

"हे पिन अशी काढाची," ते म्हणाले आणि त्यांनी ती काढली.

"भैयाजी, राहू द्या, मी वाचतो त्यावर..."

"वाचून काय होते? आग लागली तर तुम्ही चष्मा शोधसान का?" असं म्हणत भैयाजींनी दांडा दाबला.

पुढचं अर्धं मिनिट दिवाणखान्यात कोणालाच काही दिसलं नाही. दिसायला लागलं तेव्हा सोफा पांढरा होता, टीव्ही पांढरा होता आणि मधोमध फाईल पोटाशी घट्ट धरून उभे असलेले प्रेमानंदराव भुवयांसकट पांढरे होते. बायजाबाई आतून धावत आल्या आणि पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "माहा माठ तं नाही फुटला ना?"

माठ शाबूत होता, फाईल शाबूत होती. सिलिंडर रिकामं झालं होतं. ते भरून देणारा माणूस वाडीला, अमरावती रोडवर, ट्रकांच्या गोडाऊनांच्या रांगेत. शुक्रवारी सकाळी प्रेमानंदराव स्कूटरवर पुढे पायांत सिलिंडर उभं करून निघाले. वाडीत माल उतरवणारे ट्रक आडवे लागले होते, दुकानदार जेवायला गेला होता, तो आला तेव्हा पावडर संपली होती, पावडर आली तेव्हा लाईट गेली होती. प्रेमानंदराव दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते आणि दर दहा मिनिटांनी रोशनीबाईंचा फोन येत होता. "आई तीन वाजतापासून चुलीपाशी आहेत. माठ तापला. तुम्ही कुठं आहा?"

ते मैदानावर पोचले तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती आणि अंगावरचा इस्त्रीचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

स्टॉल मात्र बघण्यासारखा झाला होता. पत्र्याची चूल, तिच्यावर उलटा माठ, बाजूला वाळूची बादली. परातीत कणीक चमकत होती. बायजाबाईंनी लुगडं खोचलं होतं, डोक्याला पांढरी टोपी होती आणि त्या कणीक आपटत होत्या तेव्हा आवाज तीन स्टॉल पलीकडे जात होता. स्टॉलभोवतीच्या दोरीच्या बाहेर कूपन घेतलेल्या लोकांची रांग लागलीसुद्धा होती. गल्लीतली मंडळी पुढे होती, आणि भैयाजी सर्वांत पुढे.

साडेचारला अन्न सुरक्षा अधिकारी धनश्री मॅडम आल्या. वय तिशीचं, बोलणं कमी. त्यांनी यादीवर एकेक खूण करायला सुरुवात केली. नोंदणी आहे. पाणी आहे. सिलिंडर, आहे, आणि भरलेलं आहे. विम्याच्या कागदावर त्या थोडा वेळ थांबल्या, उलट्या माठाकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं आणि खूण केली.

"इतकी नीट फाईल मी आज दिवसभरात पाहिली नाही," त्या म्हणाल्या.

प्रेमानंदरावांची छाती फुगली. ती तशीच राहिली असती तर किती बरं झालं असतं.

"अन्न हाताळणारी व्यक्ती, प्रेमानंद मेश्राम. तुम्हीच ना? मग या आजी कोण?"

"आई आहे माझी. अशीच आली, बघायला."

"बघायला?" मॅडमनी बायजाबाईंच्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत कणीक होती.

कणीक आपटण्याचा आवाज थांबला. "प्रेमा," बायजाबाई म्हणाल्या, "माहं झालं म्हनला होता ना तू?"

रोशनीबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांना त्या क्षणी वाडीच्या ट्रकांखाली असायला आवडलं असतं.

"आजी, प्रमाणपत्राशिवाय दोरीच्या आत थांबता येत नाही," मॅडम म्हणाल्या. आवाज कडक नव्हता, पण नियम तोच होता. "तुम्ही बाहेर या. काका, एक रोटी करून दाखवा. तुमचंच नाव आहे तर तुम्हालाच येत असेल. मग मी शिक्का देते. पाच वाजता उद्घाटन आहे."

बायजाबाईंनी पाण्याच्या बादलीत हात धुतले, टोपी काढली, घडी करून परातीशेजारी ठेवली आणि दोरीखालून वाकून बाहेर गेल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर प्रेमानंदरावांना बरं वाटलं असतं.

पाच वाजायला वीस मिनिटं होती. प्रेमानंदरावांनी टोपी घातली, यादीत होते म्हणून प्लास्टिकचे हातमोजे चढवले आणि परातीतून गोळा उचलला. लहानपणापासून हजारो वेळा पाहिलं होतं. पाहिलं म्हणजे येतं, असा पुरुषांचा एक समज असतो. त्यांनी गोळा एका हातावरून दुसऱ्या हातावर टाकला. तो दुसऱ्या हाताला चिकटला. त्यांनी सोडवायला ओढला तर कणीक आली आणि तिच्यासोबत मोजाही आला.

"मनगट फिरवा, मेश्रामजी, मनगट!" भैयाजी बाहेरून ओरडले.

मनगट फिरवताच कणीक मोज्यासकट माठावर जाऊन पडली. मोजा आक्रसला, काळा झाला आणि सगळ्या स्टॉलभर जळक्या प्लास्टिकचा वास पसरला. रांगेतल्या एका पोराने ते मोबाईलवर घेतलं.

"कणीक हाताळताना मोजे कोणी सांगितले?" मॅडमनी नाकाला रुमाल लावला. "ते वाढणाऱ्याला. तुम्ही हात स्वच्छ धुवा आणि करा."

प्रेमानंदरावांनी हात धुतले. दुसरा गोळा घेतला. या वेळी कणीक खरंच लांबली, तळहातावरून मनगटावर, मनगटावरून कोपरावर. क्षणभर त्यांना वाटलं, रक्तातच आहे हे! मग ती कोपरावर थांबायचं विसरली आणि शर्टावरून खाली निघाली. तिला धरायला ते पुढे झेपावले आणि त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत तापलेल्या माठावर टेकला.

ते असे ओरडले की शेजारच्या स्टॉलवाल्याने आपलं सिलिंडर उचललं.

दोरीखालून पहिल्यांदा आत शिरल्या त्या बायजाबाई. त्यांनी आपल्या पोराचा हात पकडून पाण्यात बुडवला, मॅडमनी अडवलं नाही. मग मॅडमसह तिघेही मैदानाच्या कोपऱ्यातल्या आरोग्य तंबूत गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, चष्मा नाकावर. त्यांनी प्रेमानंदरावांचा हात टेबलावर घेतला. लाल पट्टा चांगलाच उठला होता. तो हात बायजाबाईंनी धरून ठेवला होता, त्यामुळे त्यांचाही हात शेजारीच होता, आणि त्यावर तसलेच पट्टे, काळे पडलेले, एकावर एक, मोजता न येणारे.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हात आळीपाळीने पाहिले. "तुमचं हे आजचं दिसतं. यांचं?"

बायजाबाईंनी पदराकडे हात नेला. प्रेमानंदरावांनी भाजल्या हाताने तो अडवला.

"माझी आई माठावर रोट्या करते," ते म्हणाले. "लग्नांत, घरोघरी. त्यावरच आम्ही तिघं भावंडं शिकलो. हे सगळे त्याचे आहेत." एवढं बोलायला त्यांना इतकी वर्षं लागली याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"मग यात रोग कुठे आहे? जुने, भरलेले व्रण आहेत. आधीच्या डॉक्टरांनी का अडवलं?"

"मी गृहिणी लिहिलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. प्रेमानंदरावांना ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं. त्यांनी डाव्या हाताने फाईल उघडली आणि तळाशी लावलेले आईचे रक्ताचे अहवाल काढून दिले. डॉक्टरीणबाईंनी ते वाचले, नखं बघितली, छाती तपासली आणि कोरा फॉर्म पुढे सरकवला. भरायचं काम अर्थातच प्रेमानंदरावांकडे आलं, डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत. 'व्यवसाय' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'माठावरच्या लांब रोट्या करणे'. रकान्यात मावेना तेव्हा समासात लिहिलं. मग 'या कामाचा अनुभव, वर्षे'.

"माय, किती वर्षं लिहू?"

बायजाबाईंनी जरा आठवलं. "तू पोटात होता तवा पयल्यांदा माठापाशी उभी राहिली. तुह्या वयावरून काढ."

प्रेमानंदरावांनी हिशोब केला. हिशोब सोपा होता, पण त्यांना दोनदा करावा लागला, कारण डोळ्यांसमोरचा कागद नीट दिसत नव्हता. त्यांनी साठ लिहिलं. डॉक्टरीणबाईंनी सही केली.

पाच वाजून दहा मिनिटांनी धनश्री मॅडमनी नोंदणीत आजींचं नाव घातलं आणि शिक्का मारला. "आजी, चला आत." बायजाबाईंनी टोपी घातली. त्यांच्यामागोमाग प्रेमानंदराव सवयीने दोरीखालून वाकले.

"काका, तुम्ही नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या हातावर ताजी जखम आहे. तुमचं प्रमाणपत्र मी आत्ता रद्द केलं."

अशा रीतीने घरातला एकमेव पूर्णतः योग्य माणूस दोरीच्या बाहेर राहिला. रोशनीबाईंनी त्यांच्या हातात एक कूपन ठेवलं आणि रांगेकडे बोट केलं. प्रेमानंदराव गुपचूप शेवटी जाऊन उभे राहिले.

आत बायजाबाईंनी गोळा घेतला. कणीक तळहातावरून निघाली, मनगटावर लोंबली, कोपरापर्यंत उतरली, दिव्याच्या उजेडात आरपार दिसू लागली आणि एकाच झोक्यात माठावर जाऊन बसली. रांगेतला गलका थांबला. भैयाजीही मनगटाचा सल्ला विसरले. पुढे उभी असलेली एक कॉलेजची मुलगी मागे वळून म्हणाली, "काका, काय भारी करून राहिल्या ना! कोण आहेत या आजी?"

"माझी माय आहे," प्रेमानंदराव म्हणाले. ते जरुरीपेक्षा बरंच मोठ्याने निघालं, चार माणसांनी वळून पाहिलं.

पाऊण तासाने त्यांचा नंबर लागला. समोर माठ, माठापलीकडे धगीने लाल झालेला आईचा चेहरा. त्यांनी पट्टी बांधलेल्या हाताने कूपन पुढे केलं. त्यांना खूप काही म्हणायचं होतं.

"माय, मी तुले..."

बायजाबाईंनी माठावरची रोटी उचलली, चार घड्या घातल्या आणि रोशनीबाईंनी धरलेल्या ताटलीत टाकली.

"घरी बोल. पुढं सरक गा, मांगं लाईन हाय."